जुन्या यंत्रांची बाजू

वडवणीच्या आमच्या दूध सोसायटीत संगणकाचं काम बघणारा एक जण बसायचा. राग आला की चष्मा पुसायचा आणि आणखी हळू बोलायचा. आमचं दूध मोजणारं यंत्र ज्या संगणकभाषेवर चालतं, ती भाषा चालवणारं इंजिन तो परदेशातल्या काही जणांबरोबर फुकट सांभाळतो, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

त्या वर्षी दुष्काळ होता आणि घरं दुधावरच चालली होती. तेव्हाच त्या संगणकभाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीने आज्ञा लिहायची एक जुनी पद्धत बंद करायला काढली. म्हणजे आमची जुनी यंत्रं थांबणार. समितीच्या ऑनलाइन बैठकीला तो सोसायटीतूनच बसला होता. तिथे कुणीतरी म्हणालं, "लोकांनी नवी यंत्रं घ्यावीत." त्याने चष्मा पुसला आणि लॅपटॉप उचलून किटल्यांच्या रांगेकडे वळवला.

"कावून फोटू काढायलास रं?" एका मावशीने विचारलं.

"तुमचं दूध मोजायचं बंद करा म्हनायलेत, मावशी."

"आधी म्हशीला सांगा म्हनावं."

समितीने हे विषयाला सोडून आहे म्हटलं आणि नियम मंजूर केला. त्याने जुनी पद्धत इंजिनात तशीच ठेवली. म्हणून समितीने ते इंजिन नियमाबाहेरचं म्हणत अपात्र ठरवलं.

परवा कॉलेजात सरांनी वर्गात सांगितलं, ते इंजिन अपात्र आहे, कुणी वापरू नका. मी कधी वर्गात बोलत नाही. पण उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, आमच्या घरचं दूध त्याच्यावरच मोजतात."