जाळं घरीच होतं

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र अजून वेगळं उभं राहतं. गुन्हा तसा माशांचा होता.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांच्या पायथ्याशी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. वर भातखाचरं, खाली पाणी. भात निघालं की बरीच माणसं मासे धरतात. बहुतेक जण जाळ्यानं धरतात. काही जण जिलेटिनची कांडी पेटवून पाण्यात फेकतात. धमाका झाला की मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. त्यात पिल्लंही मरतात आणि अंडीही. हे सगळ्यांना माहीत असतं, तक्रार मात्र कुणी देत नाही, कारण फेकणारा कुणाचा तरी भाऊबंद असतो.

एके दिवशी सकाळी मंचरच्या सरकारी दवाखान्यातून फोन आला. उजवा पंजा तुटलेला एक माणूस दाखल झाला होता. नातेवाईक म्हणत होते, कडबाकुट्टीत हात गेला. डॉक्टरांना ते पटत नव्हतं. कुट्टीचं पातं कापतं, त्यानं भाजत नाही, आणि या माणसाचं मनगट, छाती, हनुवटी भाजलेली होती.

मी जाऊन जबाब घेतला. माणूस तिशीच्या आतला, गुंगीतही सावध. तो एकटाच कुट्टीवर होता, हात सरकला, एवढंच त्यानं सांगितलं. कुट्टी कुणाची विचारलं तर मामाची म्हणाला. मामाचं गाव विचारलं तर डोळे मिटून घेतले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हात कसा तुटला यावर तो अडखळत होता, पण सोबत कोण होतं असं विचारलं की माझा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर यायचं, "कोनी न्हाई. मी एकलाच व्हतो."

खोटं बोलणारा माणूस जिथं घाई करतो तिथंच खरी गोष्ट असते, हा माझा अनुभव. पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही.

दुपारी ठाण्यात परतलो तर ठाणे अंमलदारासमोर एक बाई बसली होती. जखमीच्याच वाडीतली. नवरा पहाटे मासे धरायला गेला तो आला नाही, म्हणून मिसिंग द्यायला तिचा दीर तिला घेऊन आला होता. दीर सांगत होता, गेला असेल कुठं पाहुण्यांकडं. मी तिला विचारलं, जाळं कोणतं नेलं होतं?

ती थोडा वेळ दिराकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जाळं घरीच हाये, सायेब. भिंतीला टांगल्यालं."

दिरानं मान खाली घातली. मला दोन्ही प्रकरणं एकच असल्याचं कळलं.

मी तिला दवाखान्यात नेलं. गाडीत तिनं एकच गोष्ट विचारली, तो माणूस शुद्धीवर आहे का. जखमी तिच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा जोडीदार होता. वॉर्डमध्ये मी मागं उभा राहिलो. बाई खाटेजवळ गेली, त्याच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं. ती रडली नाही की ओरडली नाही.

"भाऊ, त्यास्नी पवता येतंय," ती म्हणाली. "मंग घरी का न्हाई आले?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बराच वेळ त्याची पाठ हलत होती. मग तो तसाच म्हणाला, "वैनी, त्यो पान्यात हाये."

पुढचं सगळं त्यानं आपणहून सांगितलं. दोघं थर्माकोलच्या तराफ्यावर होते. वात आखूड होती. कांडी फेकण्याआधी हातातच फुटली. शुद्ध आली तेव्हा जोडीदार दिसत नव्हता. एका हातानं पाणी कापत हा काठाला लागला. घरच्यांनी शिकवलं, कुट्टी म्हण, नाहीतर आत जाशील.

उजेड होता तोवर वाडीतल्याच लोकांनी होड्या घातल्या. ज्यांनी कधी तक्रार दिली नव्हती तेच गळ टाकत होते. मृतदेह मिळाला, काठावर पंचनामा झाला.

कांड्या कुठून आल्या हेही त्यानंच सांगितलं. जुन्नरकडं विहिरींना सुरुंग लावणारा एक जण उरलेल्या कांड्या परस्पर विकायचा. त्याला उचलला तेव्हा तो निवांत होता. "राव, माशाची तर केस," तो म्हणाला, "दंड भरतो न् जातो." माशांच्या कायद्यातली शिक्षा खरंच किरकोळ आहे. पण बेकायदा स्फोटकं बाळगणं, ती देणं आणि त्यातून माणूस मरणं यांना दंडावर सुटका नाही. कलमं वाचून दाखवली तेव्हा त्यानं पाणी मागितलं.

खटला चालला. माझी साक्ष झाली, डॉक्टरांची झाली. मग ती बाई साक्षीला उभी राहिली. बचावाच्या वकिलानं विचारलं, नवरा जिलेटिननं मासे मारतो हे तुम्हाला ठाऊक होतं का? नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला कुणी आरोपी केलं नव्हतं.

ती म्हणाली, "ठाव व्हतं. लई दिसांपासनं ठाव व्हतं. मासा घरी आल्यावर चिरायची मीच. काटा मोडल्याला असायचा आतनं. तरी म्या कवा काय बोलले न्हाई."

कांड्या विकणारा आणि तो जखमी, दोघांनाही शिक्षा झाली, वेगवेगळी.

लोक गुन्हा शिक्षेवरून मोजतात. दंड लहान तर गुन्हा लहान. वर्दीत असताना मीही कित्येकदा तसंच मोजत आलो, आणि तसं न केलं तर ठाणं चालतही नाही. पण त्या दिवशी कोर्टात तिला कोणतंच कलम लागत नव्हतं. तिनं स्वतःचं माप स्वतःच काढलं, आणि पदर सावरून पिंजऱ्यातून खाली उतरली.