तपकीर, लाथ आणि शंभर किलो

चार हमाल सावलीला टेकले, की आधी तंबाखू निघते आणि मग कंबर निघते. एकानं सुरुवात केली की दुसऱ्याला त्याच्याहून जुनं दुखणं आठवतं आणि तिसरा दोघांनाही गप्प बसवतो. नव्वदच्या दशकात मी बारामतीत एका शेठच्या धान्याच्या गोदामात मापाडी होतो. म्हणजे काट्याशी उभं राहून पोत्यांचं वजन घ्यायचं. उचलायचं काम दुसऱ्यांचं! त्यामुळे माझी कंबर शाबूत आहे आणि किस्से मात्र पोतंभर साठलेत. लोक हसतात ऐकून. मीही हसत असे तेव्हा. आता सांगताना चीड येते, पण सांगतो.

*

आमचा मुकादम दत्तूतात्या. टोळीत कोण राहणार आणि कुणाला नारळ मिळणार, हे सगळं त्याच्या हातात. कुणाची कंबर गेलीय हे ओळखायला त्याला एक्सरे लागत नसे. सकाळी आला की डबी उघडायचा आणि मोठ्या प्रेमानं म्हणायचा, "घ्या रं, तपकीर वढा. डोकं मोकळं हुतं!"

मणक्यातली गादी सरकलेल्या माणसाला शिंक म्हणजे पाठीत सुरी. बाकीचे शिंकून नाक पुसायचे. ज्याचा हात शिंकताना कमरेला गेला, त्याला तात्या तितक्याच प्रेमानं सांगायचा, "तू आता घरी आराम कर बाबा."

आराम म्हणजे कायमचा!

सर्जेराव मात्र कधी सापडला नाही. हा कळस गावचा, सकाळच्या एसटीनं यायचा. ट्रकमधलं पोतं ओढताना पाय जागच्या जागी ठेवून त्यानं नुसती कंबर वळवली, तेव्हा आतून काहीतरी 'कट्' झालं होतं. तेव्हापासून कळ कमरेतून निघून थेट तळपायापर्यंत जायची. घरात कमावणारा तो एकटा. टोळीतली जागा गेली तर दुसरं काही नाही, म्हणून हे दुखणं त्याला आणि आम्हा दोघा-तिघांनाच माहीत.

"शिक कशी रं दाबतोस?" मी विचारलं.

"मुकादमाच्या तोंडाकडं बघतो. शिक आपसूक मागं फिरती!"

*

सर्जेरावाच्या आज्याची मेंढरं होती. पुढं ती विकली गेली आणि नातू हमालीत आला. एकदा पोती एकावर एक रचून थप्पी लावून झाल्यावर घाम पुसत म्हणाला, "आज्यानं मेंढरं वळली, मी पोती वळतो. मेंढरू निदान सवताच्या पायानं चालायचं!"

*

मग एकदा खुद्द शेठचीच कंबर धरली. काय उचललं होतं? नातू! जावळाच्या दिवशी फोटोसाठी म्हणून शेठ गुडघे न वाकवता खाली झुकले, त्या गुटगुटीत पोराला एका हिसक्यात वर घेतलं आणि तसेच राहिले. फोटोत म्हणे पोरगं हसतंय आणि शेठ रडतायत.

पुण्याला दाखवून झालं, पट्टा आला, जिने चढायचे नाहीत असा हुकूम आला. शेठची पेढी नेमकी गोदामाच्या माडीवर. मग रोज सकाळी शेठला खुर्चीत बसवून दोघं वर न्यायला लागले. पुढून सर्जेराव, मागून गुलाबभाई. गुलाबभाई म्हणजे टोळीतला सगळ्यात जुना माणूस, आणि जिभेला हाड नसलेला.

जिन्यात शेठ वरून सांगायचे, "सावकाश रे! मला हिसका बसता कामा नये."

खाली आल्यावर गुलाबभाई म्हणाले, "शेठच्या कमरेला आराम आन आमच्या कमरेला शेठ!"

*

हे राहिलंच. सर्जेराव पायाळू होता. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेला लावून घेतात. त्यामुळे गोदामाच्या दारात सकाळी गिऱ्हाईक उभंच असे. डाळजचे शेतकरी, इंदापूरकडचे ड्रायव्हर, कोण कोण. सर्जेराव एका चहाच्या बोलीवर लाथ मारायचा.

ज्यांना साधी लचक होती ते चार-आठ दिवसांत आपोआप बरे व्हायचे आणि सर्जेरावाचं नाव व्हायचं. ज्यांची गादीच सरकलेली, ते वाकडे आले तसे वाकडे जायचे आणि आपल्या नशिबाला बोल लावायचे. पायाला कुणी बोल लावला नाही.

"तुझ्या कमरेला कोण मारणार रं?" असं एकदा गुलाबभाईंनी विचारलं.

"मला हाय की शेठची खुर्ची!"

*

शेठला तपासायला एक तरुण डॉक्टर येत. भला माणूस. शेठ बरे होत आले तेव्हा हौसेनं म्हणाले, "आमच्या माणसांनाही चार शब्द सांगा."

डॉक्टरांनी रिकामा खोका घेऊन सगळं करून दाखवलं. पाय फाकवून उभे राहा, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाशी धरा. वळायचं तर पाय उचलून वळा, कंबर पिळू नका. लचक भरली तर दोन दिवस जपा, पण अंथरूण धरू नका, हिंडत-फिरत राहा. आणि कुणाची लाथ-बिथ मारून घेऊ नका!

सर्जेरावानं हात वर केला. "आन आपुन मारली तर चालंल का?"

सगळं गोदाम हसलं. डॉक्टरही हसले. मग त्यांनी विचारलं, "एक पोतं किती किलोचं?"

"शंभर."

डॉक्टरांचं हसू गेलं. शेठकडे वळून ते म्हणाले, "मग मी शिकवलेलं पुरं पडायचं नाही. एवढं ओझं एका माणसाच्या पाठीवर द्यायचंच नाही. पोती पन्नासची भरा, ढकलगाड्या आणा."

शेठ खुर्चीतूनच म्हणाले, "डॉक्टर, नारळ घ्या."

डॉक्टरांचं गोदामात पुन्हा भाषण झालं नाही.

*

त्याच दिवशी ट्रकच्या आडोशाला सर्जेरावानं डॉक्टरांना गाठलं. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी त्याला फळीवर बसवून पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला. उजवा अंगठा नीट उचलेना.

"नस दबलीय. उद्यापासून ओझं बंद करा आणि पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. नाहीतर पाऊल लुळं पडेल. आणि लघवी अडली, किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा."

"मुकादमाला काय सांगू?"

"खरं सांगा."

डॉक्टर स्कूटरवरून गेल्यावर सर्जेरावानं पाय चपलेत सरकवला. "मानूस लई चांगला हाय," तो म्हणाला, "पर त्येला मुकादम न्हाय."

आणि उठून पोत्याला पाठ दिली. 

*

मीच ओढून त्याला एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. बरोबर त्याची बायको कौसाबाई होती. ती त्याच्यापेक्षा जास्त वाकून चालत होती. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "बाई, तुम्ही काय उचलता?"

"मी काय उचलनार? पान्याचं दोन हंडं, सरपान, वैरन. घरीच असते की."

सर्जेरावानंही मान डोलावली. "व्हय डाक्टर, ती घरीच असती."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एकाऐवजी दोघांचं औषध लिहिलं. दोघांनी एकाचंच घेतलं.

*

पुढच्या सुगीत सर्जेरावाचं उजवं पाऊल खरंच पडलं. पाय उचलला की पाऊल खाली लोंबायचं, चप्पल गळायची. मग त्यानं पोती शिवायच्या सुतळीनं चप्पल पावलाला बांधून टाकली. मुकादम यायच्या आत दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसायचा आणि तो गेल्यावर उठायचा. टोळीनं त्याचं ओझं आपसात वाटून घेतलं. तात्याला सांगितलं, याच्यासारखा शिवणारा दुसरा नाही. तात्याला पटलं.

एके सकाळी तात्या वाकडा होऊन आला. स्कूटर स्टँडला लावताना हिसका बसला होता. दारातूनच ओरडला, "सर्जेराव, ऊठ! हान लाथ!"

नाही म्हणायची सोय नव्हती. तात्या ज्वारीच्या पोत्यांवर पालथा पडला, तोंड भिंतीकडे.

सर्जेराव माझ्या खांद्याला धरून उभा राहिला. लुळ्या उजव्या पायावर तोल धरवेना, म्हणून लाथेला त्यानं तोच पाय मांडीतून उचलला, पण पाऊल खालीच लोंबत राहिलं. 

"मार की लेका! लाजतुस व्हय?" तात्या भिंतीला म्हणाला.

गुलाबभाई गुडघ्यावर बसले. त्यांनी ते लुळं पाऊल दोन्ही हातांत धरलं, सरळ केलं आणि तात्याच्या कमरेवर दाणकन आपटलं. एकदा, आणि मग आणखी एकदा.

तात्या हळूहळू उठून बसला. इकडं-तिकडं वळून बघितलं. त्याचा चेहरा फुलला.

"आयला, सुटली की उसण! सर्जेराव, तुझ्या पायात लई दम हाय गड्या," तो म्हणाला. "बायकांवानी शिवायला कशाला बसतुस? उद्यापास्नं थप्पीवर जा!"