माझं पाणी पुजायचं राहिलं

मी सर्वांत जास्त कुणाची ऋणी असेन तर माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची. मी जन्मले तेव्हा ती चौथीत होती. आईला शेतात जावं लागे, म्हणून तिने पाटी ठेवली आणि मला कडेवर घेतलं. पुढे मला शेवगावच्या हायस्कुलात घालायला वडील का-कू करू लागले. तेव्हा ती माहेरपणाला आली होती. वडिलांपुढे उभी राहून म्हणाली, "माजी पाटी गेली ती गेली. हिची गेली तर या घराचं पाणी पिनार न्हाई मी." आमच्या घरात बी. ए. झालेली मी पहिली. नगरला शाळेत शिकवायला लागले ती अक्काच्या त्या बोलण्यामुळे.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं हेव्याचं आहे आणि तो हेवा मला अक्काचाच वाटला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्हा दोघींना एकदमच दिवस गेले. माझं पहिलं, तिचं चौथं. चौथ्याला कुणी माहेरी येत नाही, पण सासू वारल्यापासून तिचं करणारं तिकडे कुणी उरलं नव्हतं. ती आमच्या घरी, आईच्या माजघरात बाळंत झाली. सुईण यायच्या आत मुलगा बाहेर. माझं मूल मात्र आडवं होतं. नगरच्या दवाखान्यात कळा देऊन देऊन मी थकले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून मुलगी काढली.

टाके काढल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बेंबीपासून खाली काळपट लाल रेघ आणि दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा, गोधडीच्या धावदोऱ्यासारख्या. रेघेशेजारी बोट लावलं तर ते दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लागल्यासारखं वाटे. पोट रिकाम्या पोत्यासारखं दोन्हीकडे ओघळलं होतं. खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरायचं. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर भार द्यायचा. हसायची चोरी. पोटाशी उशी धरून एसटीने मी माहेरी पोचले आणि म्हातारीसारखी वाकून घरात शिरले.

समोर बाजेवर अक्का. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, त्यावर टाकलेल्या ओव्याचा धूर घरभर. कानाला फडकं, अंगाला तेलाची लकाकी. आईने जुनं लुगडं फाडून तिचं पोट गच्च आवळून बांधलं होतं, आणि ते सपाट दिसत होतं, चार मुलांनंतरही.

मला वाटलं, दुसऱ्या भिंतीला माझी बाज असेल. तिथे सतरंजी होती.

"आई, मला शेक?"

आई सुईणीकडे बघू लागली. सुईण तेलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली, "तुजी वाट कुटं मोकळी झाली, पोरी? तू बाळंत न्हाई झालीस. तुला डॉक्टरनं बाळंत केलं. चिरल्याल्या अंगाला मी हात लावत न्हाई."

"आतून कच्चं हाय अजून," आई म्हणाली. "डिंक-गूळ खाल्लास तर पू धरंल. तुला पेज."

त्या दोघींचा हिशेब पक्का होता. मूल खालून आलं तर बाळंतीण, पोटातून काढलं तर आजारी. आजाऱ्याला मालीश नाही, धुरी नाही, लाडू नाही. मी शिकलेली. हे खुळं आहे एवढं मला कळत होतं, पण ते कळून मला तेलाचा हात मिळणार नव्हता. सकाळी न्हाणीत सुईण अक्काचं अंग रगडायची, तिचं कण्हणं आणि हसणं ऐकू यायचं, आणि मी सतरंजीवर माझं बधिर पोट चाचपत पडायचे. मला बाळंतीण व्हायचं होतं. एवढंच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, हिनेही मूल आणलं.

मला दूधही उशिरा उतरलं. मुलगी रडरड रडायची. अक्का हात पुढे करायची. "आन हिकडं. दोन घोट पिऊ दे तिला, मास्तरीणबाई. शाळंत शिकवत न्हाईत व्हय हे?" आई हसायची. सुईण हसायची. मी हसले की जखम दुखायची, म्हणून मी हसत नव्हते असं सगळ्यांना वाटायचं. अक्काचा मुलगा एका बाजूला आणि माझी मुलगी दुसऱ्या बाजूला. माझी मुलगी पिता पिता मुठी सोडायची. माझ्याकडे आली की पुन्हा आवळायची. पाजून झालं की अक्का कपाळावरचा घाम पुसत मुलगी परत द्यायची आणि मी ती जवळजवळ हिसकावून घ्यायचे.

सव्वा महिना झाला. बाळंतिणीने विहिरीवर जाऊन पाणी पुजायचं, हळदकुंकू वाहायचं आणि डोक्यावर भरली घागर घेऊन घरी यायचं, अशी आमच्याकडे रीत. त्यानंतर ती घरात सगळीकडे वावरायला मोकळी. त्या सकाळी आईने एकच ओटी काढली.

"आणि माझी?"

"तू काय पुजनार? तुला का घागर उचलतीय?"

खरंच होतं. मला डॉक्टरीणबाईंनी तांब्यापेक्षा जड काही उचलू नको म्हणून बजावलं होतं. खिडकीशी उभी राहून मी बघत राहिले. गल्लीतल्या बायका पुढे, मधे अक्का, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर घागर, पाठ ताठ. एक थेंब सांडला नाही. मला वाटलं, देवाने सगळं शरीर हिलाच दिलं आणि मला नुसती पदवी.

घागर उतरवून ती तडक माजघरात माझ्याकडे आली आणि दार लोटलं.

"पट्टा सोड गं माजा."

मला वाटलं, सपाट पोट दाखवायला आली. मी गाठीला हात घातला.

"थांब, थांब! आडवी हुं दे आदी. उभ्यानं सोडलास तर सगळं खाली येतंय."

"काय येतंय?"

"अंग. दुसऱ्या पोरापास्नं बाहीर येतंय. वाकलं की येतंय, हंडा उचलला की येतंय." ती सतरंजीवर पडली आणि पाय उशीवर टाकले. "आत सारायचं नि कामाला लागायचं."

"आईला सांगितलंस?"

"आयला काय सांगायचं? तिलाबी हाय."

म्हणजे दोघींचीही गर्भाची पिशवी खाली उतरत होती. ती माझ्याकडे वळली. "बगू तुजं." मी पदर बाजूला केला. तिने बोटाने वरून खालपर्यंत रेघ चाचपली. "वर येवडी रेघ, आन आत समदं जाग्यावर. नशिबाची हाईस."

ते हेव्याने म्हणाली की मायेने, मला ओळखता आलं नाही. स्वतःचा हेवा मात्र मला ओळखू येत होता, आणि तो काही लगेच गेला नाही. थोड्या वेळाने तिने पट्टा पुन्हा आवळला आणि पोळ्या लाटायला गेली. दारातून जाताना तिची ती ताठ पाठ बघून मी पुन्हा जळले, सगळं माहीत असूनही.

नगरला परतल्यावर मी तिला पत्र लिहिलं. पोस्टकार्ड कुणीही वाचतं, म्हणून आंतर्देशीय घेतलं. पहिलीच्या मुलांना फळ्यावर लिहून देते तशी मोठी अक्षरं काढली, म्हणजे तिला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये. उत्तर आलं नाही. बाजाराच्या दिवशीच्या एसटीने तान्ह्याला घेऊन ती स्वतःच आली. पत्र मला अजून पाठ आहे.

"अक्का, साष्टांग नमस्कार.

हे तूच वाच, दाजींना देऊ नकोस. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. तुझं नाव सांगितलं नाही. अंग बाहेर येतं त्याला उपाय आहे. आत एक कडी बसवतात, पुढे गरज पडली तर ऑपरेशन. बाईच तपासते. मी तुझ्याबरोबर पडद्याआड येईन.

माझी रेघ आता फिकी होत चालली आहे. तिच्या बाजूला अजून बधिर आहे. केस मूठमूठ गळतात, तेव्हा तुझी वेणी आठवून राग येतो. माझ्या पोरीला तू पाजलंस हे मी विसरणार नाही, आणि तेव्हा मी किती जळत होते हेही विसरणार नाही.

तू लवकर ये. माझं पाणी पुजायचं राहिलं आहे. इथे विहीर नाही, नळ आहे. त्यालाच हळदकुंकू लावू. आता मला उचलायची परवानगी मिळाली आहे. कळशी मी उचलीन. तू नुसती मागून चाल.

तुझी कडेवरची."