जळण्याआधीचं वुर्त्सबुर्ग

मंगळवारी सकाळी माझी पत्नी इस्पितळात कामाला गेली. दुपारी तिथून फोन आला. मी पोचलो तेव्हा ती गेलेली होती. त्या उन्हाळ्यात आम्ही जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गला जाणार होतो.

ती कुवेतमध्ये एक्स-रे टेक्निशियन होती. मी तिथल्याच अहमदी गावात तेल कंपनीच्या कार्यालयात तांत्रिक नकाशे आणि पुस्तकं सांभाळायचो. एक्स-रेचा शोध वुर्त्सबुर्गला लागला हे तिनं मिरजेत शिकताना वाचलं होतं, आणि ती प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तिची इच्छा होती. दागिने, फ्लॅट, असल्या गोष्टींचं तिला काही नव्हतं. "ते आमच्या धंद्याचं माहेर," ती म्हणायची. "माहेरी एकदा तरी जायला नको?"

सत्तरच्या दशकात, शुक्रवारच्या जुन्या बाजारात मला त्या शहराचं एक इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं. पहिली पानं गळालेली होती, त्यामुळे ते कधी छापलं हे कळायला मार्ग नव्हता. मीही तो विचार केला नाही. सुटीच्या दिवशी बाहेर धूळ उडायची, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली असायची, ती आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि मी वाचून दाखवायचो. मधून वाहणारी माइन नदी. पुलावर दोन्ही बाजूंना उभे असलेले दगडी संत. समोरच्या टेकडीवरचा किल्ला, जिथे बिशप राहायचे. धर्मपीठही त्यांचं आणि राज्यही त्यांचंच. शेतकऱ्यांनी एकदा उठाव करून त्या किल्ल्याला वेढा घातला होता आणि ते हरले. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच गावात चेटकिणी म्हणून माणसं जाळली गेली. आणि सगळ्या उतारांवर द्राक्षमळे.

"मळे कुणाचे?" तिनं विचारलं.

"बरेचसे बिशपांचे आणि मठांचे."

"वा. देवाचं नाव घ्यायचं नि वाइन प्यायची. आणि आपण इथे दारूबंदीच्या देशात बसून त्यांचं पुराण ऐकतोय."

तिला पुराणापेक्षा रस्त्यात जास्त रस होता. पुलावरून बाजारात कसं जायचं, कुठल्या गल्लीत वळायचं, कोपऱ्यावर कुठलं घर लागतं, हे ती मला पुन्हापुन्हा विचारायची. वर्षभरात दोघांनाही ते पाठ झालं.

मग इस्पितळातलं यंत्र बिघडलं, आणि ते दुरुस्त करायला आलेला जर्मन माणूस नेमका वुर्त्सबुर्गचा निघाला. तिनं त्याला जेवायला बोलावलं. आमटी त्याला तिखट लागली. तो डोळे पुसत भात खात राहिला. मी पुस्तक उघडून उत्साहानं त्याला पुलापासून बाजारापर्यंत नेऊ लागलो. ही गल्ली, हे लाकडी सज्जाचं घर, ही खानावळ. तो खायचा थांबला.

"ती खानावळ माझ्या आजीला आठवायची," तो म्हणाला. "मी नाही पाहिली. महायुद्ध संपायच्या जरा आधी बॉम्बहल्ल्यात गाव जळलं. वीसेक मिनिटांत. मी लहान होतो, खेड्यात मामाकडे होतो. तिथून आकाश लाल दिसलं."

मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, "अहो, म्हणजे वर्षभर तुम्ही मला नसलेल्या गावात हिंडवलंत."

तो हसला, मग आम्हीही. तो सांगत राहिला. जळल्यावर काही जण म्हणाले होते, अवशेष तसेच राहू द्या, नवं गाव दुसरीकडे वसवू. लोकांनी ऐकलं नाही. बायकांनी बादल्यांतून राडारोडा उपसला, आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या पायावरच भिंती चढवल्या. "आमची माणसं कुरकुर फार करतात," तो म्हणाला, "पण गाव सोडून जात नाहीत."

"प्रयोगशाळा?" तिनं विचारलं.

"आहे. ती आहे."

मग ती निवांत झाली. त्याला आणखी भात वाढत म्हणाली, "शोध लागला तेव्हा त्या शास्त्रज्ञाच्या बायकोनं पहिल्या एक्स-रेसाठी म्हणे पंधरा मिनिटं हात हलवला नव्हता. आमचे पेशंट छाती भरून श्वास घ्या म्हटलं तर खोकतात."

त्यानंतर दर सुटीत जायचं ठरायचं, आणि दर सुटीत भारतात काहीतरी निघायचं. माझ्या वडिलांचं आजारपण, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न, एक वर्ष नुसती दमणूक. पुढच्या वर्षी, असं दोघंही म्हणायचो. अखेर एका वर्षी रजा मंजूर झाली. त्या वर्षी काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी एकटा गेलो. तिथे माझं असं काही काम नव्हतं, पण न जाण्याचंही बळ उरलं नव्हतं. पूल होता, संत होते. गल्ल्यांची नावं माझ्या पुस्तकातलीच होती, घरं मात्र साधी, सपाट, पन्नासच्या दशकातली. संध्याकाळी लोक पुलावर ग्लास घेऊन उभे होते. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला ते गाव थकलेलं वाटलं. कदाचित मीच थकलेला होतो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो. एक खोली, टेबल, काचेच्या नळ्या, तारा. देखरेख करणाऱ्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, काही शंका आहे का. या गावाचे बिशप, लढाया, मळे मला ठाऊक होते. त्या नळ्यांमधलं मला काही कळत नव्हतं. ती बरोबर असती तर तिनं नक्की काहीतरी विचारलं असतं. काय, ते मला सुचेना. मी नाही म्हणालो आणि बाहेर आलो.

आता मी सांगलीत राहतो. सकाळी वाचतो, दुपारी पडतो. तिनं काय विचारलं असतं, ते मला अजून माहीत नाही.