वैनगंगेत सोडलेला अंगठा

ज्याने मृकंडूच्या पुत्राच्या गळ्यातून यमाचा पाश सोडवला, त्या मार्कंडेश्वराला वंदन करून वैनगंगेच्या काठी मी हे लिहायला बसलो आहे. आज एका माउलीला जाऊन वर्ष झाले. तिचे श्राद्ध करण्याचा अधिकार मला नाही. घडले ते जसेच्या तसे मांडणे एवढेच माझ्या हाती आहे.

आयुष्यभर मी संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर दर शनिवारी कारागृहात जाऊन बंद्यांपुढे स्तोत्रपठण आणि प्रवचन करू लागलो. न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावरही कित्येक जण आतच खितपत असतात, हे मला तिथे कळले. जामीनदाराने स्वतःच्या नावाचा सातबारा दाखवायचा असतो. जंगलातल्या गावांत लोकांकडे असतो तो वनहक्काचा पट्टा. ती जमीन विकता येत नाही, म्हणून ती जामिनाला चालत नाही. सातबारा नसलेल्या बंद्याला ग्रामसभेच्या हमीवर सोडावे, असा नियम राज्य सरकारने करावा, ही मागणी घेऊन आम्ही तिघे उभे राहिलो: गडचिरोलीच्या एक वकीलबाई, बल्लारपूरचे एक शिंपी, ज्यांचा भाऊ असाच आत अडकून पडला होता, आणि मी. निवेदन लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

निवेदनात पहिले उदाहरण होते चाळिशीतल्या एका माणसाचे. घरामागे सागवानाचे दोन ओंडके सापडले म्हणून त्याला धरले होते. ते आपले नव्हेत, असे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. जामीन होऊन सात महिने उलटले होते. घरी दम्याने खंगलेली आई एकटीच होती.

माघात आम्ही त्याच्या गावी गेलो. ग्रामसभा झाडाखाली बसली आणि चार ओळींचा ठराव झाला: हा आमचा माणूस आहे, तो पळून जाणार नाही, तारखेला त्याला आम्ही हजर करू, सगळे गाव जबाबदार आहे. पहिला अंगठा आईने उठवला. शाईचे बोट लुगड्याला पुसत तिने विचारले, "पोरगा कधी येते, गुरुजी?" मी म्हणालो, लवकरच.

घरी आल्यावर तो ठराव मला फार उघडा वाटला. त्यात ना प्रस्तावना होती, ना विनयाचे शब्द. मी तो पुन्हा लिहिला. चार ओळींची दोन पाने झाली. शिंपीभाऊंनी ती वाचली आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हे सरकारले देऊन राह्यले की देवाले? सरकार काई हात जोडून वाचत नाई, गुरुजी." वकीलबाईंनीही जुना ठराव तसाच जोडावा असे सुचवले. मी ऐकले नाही. मजकूर बदलला म्हणजे अंगठे नव्याने घेणे आले. ते घ्यायला गेलो तेव्हा मोहफुलांचे दिवस सुरू झाले होते. गाव पहाटेच रानात जात असे आणि ग्रामसभेला माणसे जमत नसत. मी म्हणालो, थांबू. थांबण्याची मला सवय होती, आणि थांबायचे होते दुसऱ्याला.

त्याच सुमारास एका शनिवारी प्रवचनानंतर तो माणूस माझ्याजवळ येऊन बसला. बराकीतले लोक सांगत होते, गुन्हा कबूल कर, साहेब भोगलेले दिवसच शिक्षा म्हणून धरतील आणि सोडून देतील. आईचा श्वास वाढला आहे, असा निरोप त्याला आला होता. काय करू, त्याने विचारले. जे केले नाही ते केले म्हणणे हे पाप आहे, निवेदन जायचेच आहे, धीर धर, असे मी सांगितले. त्या उपदेशात सत्यनिष्ठा होती, आणि आणखीही काही होते. त्याने कबुली दिली असती तर माझे पहिले उदाहरण बाद झाले असते. हे मला बोलतानाच ठाऊक होते. त्याने माझ्या पायांना हात लावला आणि तो थांबला.

चैत्रात मोहफुले सरली. नवा ठराव घेऊन गावात शिरलो तेव्हा म्हातारीला पुरून तीन दिवस झाले होते. मुलाला तुरुंगातून आणायला पोलीस पहारा मिळाला नाही, असे गावकऱ्यांनी सांगितले. त्यांनी मुकाट्याने नव्या पानांवर अंगठे दिले. तिची जागा मी रिकामी सोडली.

त्या शनिवारी तो पहिल्या रांगेत बसला होता. आरंभलेले पठण अर्धवट सोडू नये, असे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. म्हणून मी ते पूर्ण केले. फलश्रुती म्हटली. सर्वांबरोबर त्यानेही हात जोडले. मग त्याला जवळ बोलावून, तोवर कोणीच न कळवलेली आई गेल्याची बातमी मी सांगितली. पुढच्या तारखेला त्याने गुन्हा कबूल केला आणि भोगलेल्या दिवसांवर सुटला.

मी कारागृहाच्या दाराशी प्रसाद घेऊन उभा होतो. त्याने प्रसाद घेतला नाही.

"मायचा अंगठा ज्याच्यावर हाये, तो कागद द्या," तो म्हणाला. "घरी तिचा फोटो नाई."

अक्षर म्हणजे सरस्वती. लिहिलेला कागद मी कधी फाडत नाही, कचऱ्यात टाकत नाही. जुना ठराव फूल-अक्षता वाहून मी वैनगंगेत विसर्जित केला होता. ते मी त्याला सांगितले, कारण खोटे मला बोलता येत नाही.

"तुमच्या खऱ्याले लय सवड हाये, गुरुजी," तो म्हणाला. "मायले नोती."

आणि तो एसटी स्टँडकडे चालू लागला.

निवेदन गेले. उत्तरात एवढेच होते की पहिल्या उदाहरणातील इसमाने गुन्हा कबूल केलेला असल्याने त्याचा विचार करता येत नाही. भाषेबद्दल कोणी काही लिहिले नव्हते. वकीलबाईंनी आता गावोगावचे ठराव चार-चार ओळींचेच ठेवले आहेत. शिंपीभाऊ ते दुकानातल्या लोखंडी पेटीत जपतात. मी केवळ त्यांच्या पाकिटांवर पत्ते लिहितो.

वाचकहो, मार्कंडेश्वर तुम्हाला आणि तुमच्या घराला सुखी ठेवो. तुमची आई तुम्हाला हाक मारील तेव्हा तुम्ही ऐकू येण्याइतके जवळ असा. आणि त्या घडीला, थांब म्हणणारा माझ्यासारखा कोणी सज्जन तुमच्या दारी न येवो.