कुंदा टिपणीस कुठाय?

माझी वहिनी चोर आहे, असं कुणीतरी तिच्या ऑफिसला लेखी कळवलं होतं.

वहिनी आज पहाटे गेली. कात्रपच्या फ्लॅटमध्ये, झोपेत.

सकाळपासून फोन येतायत. "फार मोठी सायंटिस्ट होती हो." असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा आवाज मी नीट कान देऊन ऐकतेय. स्वभावच आहे माझा. सासरी मला फौजदारीण म्हणतात.

वहिनी मॉलिक्युलर बायॉलॉजिस्ट. लग्नाआधी पुण्याच्या लॅबमध्ये असताना जंतूंच्या डीएनएवरचा तिचा एक पेपर छापून आला आणि गाजला. गाजला म्हणजे, बाहेरच्या देशांतले शास्त्रज्ञ स्वतःच्या पेपरमध्ये त्याचा आधार घ्यायला लागले. त्याला सायटेशन म्हणतात. हे तिनेच मला मटार सोलता सोलता सांगितलं होतं.

"आपलं नाव किती जणांनी घेतलं, त्यावर आमच्यात किंमत ठरते."

आई म्हणाली, "आमच्यात नवऱ्याचं घ्यायलासुद्धा उखाणा लागतो."

त्या पेपरवर नाव होतं कुंदा टिपणीस.

ऐंशीच्या दशकात ती लग्न होऊन उल्हासनगरला आमच्या घरी आली. ताटात तांदूळ पसरले, दादाने अंगठीने नवीन नाव लिहिलं. आईने निवडलेलं. मृणाल. पेढे वाटले.

कुंदा टिपणीसची मृणाल कर्णिक झाली. कुणाला काही वाटलं नाही, तिलाही नाही. मुंबईत नोकरी लागली, पुढचे पेपर नव्या नावाने आले.

प्रमोशनच्या अर्जात तिने सगळे पेपर लिहिले. पुण्याचेही.

मग ते पत्र गेलं. 'मृणाल कर्णिक दुसऱ्या बाईचं काम आपलं म्हणून दाखवत आहेत.'

खाली सही नाही. नावावरून तक्रार करणाऱ्याला स्वतःचं नाव लिहिताना मात्र शाई संपली.

साहेबांनी विचारलं, "या दोघी एकच कशावरून?"

लॅबमध्ये कुजबुज, "उल्हासनगरचा माल, डुप्लिकेटच असणार."

त्या संध्याकाळी वहिनी रडली नाही. कपाट उचकत बसली. डिग्रीवर कुंदा, लग्नपत्रिकेवर कुंदा. रेशनकार्डावर मृणाल. पुण्याचे गाइड वारलेले. दोन्ही नावं एकत्र असलेला एक कागद घरात नव्हता.

तांदूळ तर दुसऱ्याच दिवशी शिजवून खाल्ले होते आम्ही.

"वन्सं, ते पेपर माझे नाहीत असं ठरलं, तर इतकी वर्षं मी केलं काय?"

आई आतून ऐकत होती. सासूसुनेचं काही फार गूळपीठ नव्हतं. त्यामुळे सकाळी आई चांगलं पातळ नेसून "चला कोर्टात" म्हणाली, तेव्हा पहिला संशय मला आईचाच आला. ही तिथे काय बोलून ठेवणार?

कोर्टाबाहेर एक सिंधी टायपिंगवाले काका बसायचे. आई त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"लिहा. हिचं नाव कुंदा होतं. ते मी बदललं. हिने कुणाचं काही चोरलेलं नाही."

काका टाइप करता करता म्हणाले, "हमारे में भी ऐसाइच है माताजी. शादी में नाम बदल देते हैं. आपका भी बदला होगा ना?"

आई पदराशी चाळा करत राहिली.

"द्वारका," ती म्हणाली.

मी हे नाव तोवर कधी ऐकलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या आईचं.

वहिनीने तिचा हात धरला.

आईचं ॲफिडेव्हिट ऑफिसात चाललं. प्रमोशन मिळालं, पण वर्षभर उशिरा. दरम्यान वहिनीच्या हाताखालचा एक जण तिच्या वर जाऊन बसला होता.

तो आज सकाळी फोनवर रडला. "मृणालबाई म्हणजे देवमाणूस."

मी विचारलं, "कुंदा टिपणीस माहीत होती का हो तुम्हाला?"

त्याचं रडणं थांबलं. मग म्हणाला, नेटवर्क नाहीये, नंतर करतो.

पुरावा नाही माझ्याकडे. संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही.

त्या ॲफिडेव्हिटनंतर वहिनी पेपरवर कुंदा टिपणीस-कर्णिक असं लिहायला लागली. कुणाच्या नावावर किती सायटेशन ते छापणारे जाडजूड ग्रंथ लायब्ररीत असायचे. त्यात बघून एकदा हसत घरी आली.

"वन्सं, आता तिसरीच बाई उगवली."

आत्ता भाच्याने, तिच्या मुलाने, ग्रुपवर टाकायचा मजकूर दाखवायला पाठवला. फुलांची चौकट, फोटो, 'कै. मृणाल कर्णिक'.

मी फोन केला. "कुंदा टिपणीस कुठाय?"

"आत्या, डिझाइनमध्ये जागा नाहीये गं. खाली शोकाकुलमध्ये एवढी नावं आहेत."

"मग त्यातलं माझं काढ."

वहिनी, तुझ्या सगळ्या नावांना माझा नमस्कार.