दोन डोळ्यांची साक्ष

कुणाकडेही बघताना ते आधी डावा डोळा मिटत, मग उजवा. समोर खांब असो, म्हैस असो, नाहीतर माणूस. संस्थान विलीन झालं त्या सुमाराला तुम्ही आमच्या शिवाजी पेठेत असता, तर तुम्हीही म्हणाला असता, हा गृहस्थ डोळे मारतोय.

आमच्या शेजारच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. फ्रेमच्या दुकानात काचा कापायचे. खिडकीत एका फळीवर दोन बॉक्स कॅमेरे ठोकलेले, दोन्हींना मिळून एकच दोरी. टेबलावर दोन आरसे, उघड्या पुस्तकासारखे उभे. एकट्या माणसाला हे सगळं कशाला? गल्लीला उत्तर आधीच ठाऊक होतं. पाणी भरून येणाऱ्या बायका खिडकीखाली आल्या की पदर ओढून घेत.

"येक डोळा लबाड असतुय, मास्तर," ते मला सांगत. "दोघांची साक्ष काढावी."

साक्षीपुराव्याची भाषा साधा माणूस कशाला करील? माझा संशय पक्का झाला.

त्यांची खोली खाली करून घ्यायची, असं तालमीत ठरलं. वस्ताद म्हणाले, "आदी पुरावा दावा." ते काम मी आपण होऊन घेतलं. आठवडाभर त्या खिडकीवर डोळा ठेवून उभा राहिलो, कधी खांबाआड, कधी म्हशीआड. आपण कुणाला दिसत नाही, ही माझी खात्री. रविवारी वस्तादांना घेऊन खोलीवर धडकलो.

ते गडबडले नाहीत. "बसा, वस्ताद. आरशांच्या मधी नाक लावा."

आरशांच्या दोन्ही अंगांना गल्लीचे दोन फोटो टाचलेले, खिडकीतल्या दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी काढलेले. एक आरसा एका डोळ्याला एक फोटो दाखवी, दुसरा दुसऱ्याला; दोन्ही मिळून चित्र कागदावरून उठे. वस्तादांनी नाक लावलं आणि झटक्यात मान मागे घेतली. म्हशीचं शिंग अंगावर आलं होतं.

"आयला, खरीच की." ते पुन्हा वाकले. "आन् हिच्यामागं कोण लपलंय रं?"

मी होतो. फोटोंच्या दुसऱ्या जोडीत खांबाआड मीच, आणि नाक खांबाच्या वीतभर पुढं.

"मास्तर," वस्ताद म्हणाले, "खोली कुणाची खाली करायची?"

खोली राहिली. पण गल्लीतल्या खिडक्या काही उघडल्या नाहीत. दिवाळीच्या आधी शेजारी आपणच कबनूरला निघून गेले. जाताना म्हशीच्या फोटोंची जोडी आणि आरसे माझ्या हातात ठेवले. "तुमीच हाय की त्यात."

आता माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आरशांत कितीही नाक खुपसलं तरी म्हैस कागदावरून उठत नाही. मग खिडकीशी बसून मी खरी गल्ली तरी तपासून बघतो. आधी एक डोळा मिटतो, मग दुसरा.

परवा समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.